ओबरनूसची पंचविसावी पानगळ

डेटलेफ ब्रिंकमायर खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यात चांगुलपणाचा भाग थोडाच. खोटं बोलायचं तर मुळात बोलावं लागतं, आणि त्याला कंटाळा होता तो त्याचाच. चौतीस वर्षं त्याने हॅनोव्हर शहरातल्या तळघरांमधून पाण्याची मीटरं तपासली होती. त्या कामात 'नमस्कार', 'तळघर कुठंय' आणि 'येतो' एवढ्यावर माणूस सुखाने निवृत्त होऊ शकतो, तसा तो झालाही. म्हणूनच सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानात, आपल्या तोंडून जे निघालं ते ऐकून सगळ्यात जास्त दचकला तो स्वतःच. दुकानवाल्या फ्राऊ हार्म्सनी राईचा पाव कागदात गुंडाळता गुंडाळता नेहमीचंच विचारलं होतं, "काय मग, सुट्टीला यंदाही डोंगरातच ना?" आणि डेटलेफ म्हणाला होता, "नाही. यंदा पोर्तुगाल." फ्राऊ हार्म्सचे हात थांबले. "अगं बाई, म्हणजे समुद्र," त्या म्हणाल्या. "समुद्र," डेटलेफ म्हणाला, आणि पाव काउंटरवरच विसरून बाहेर पडला.

रस्त्यावर लिंडनच्या झाडांची पिवळी पानं ओल्या फरशीला चिकटली होती. त्यांच्यावरून जपून पावलं टाकत तो विचार करू लागला, की हे आलं कुठून. पोर्तुगालशी त्याचा संबंध दातांच्या डॉक्टरकडच्या कॅलेंडरापुरता. तोंड उघडं ठेवून आडवं पडलं की ते समोर दिसे: एक मोठा कडा, खाली पाणी, आणि कड्यावर पाठमोरा उभा एक माणूस. त्या माणसाला कुणाला नमस्कार करायचा नव्हता. त्याला कुणी चेस्टनट देत नव्हतं. तो नुसता उभा होता, आणि खुर्चीत दाढ कोरली जात असताना डेटलेफला त्याचा इतका हेवा वाटला होता की डॉक्टरने 'दुखतंय का' म्हणून हत्यार थांबवलं होतं. घरी पोचल्यावर त्याने कोट काढला, स्वयंपाकघरात गेला, आणि फ्रिजवर ते पत्र होतं. गाईच्या आकाराच्या चुंबकाने त्याच्या बायकोने, रोझविथाने, ते तिथे लावलं होतं. आल्प्समधल्या दक्षिण टायरोलातल्या ओबरनूस गावाचं पर्यटन मंडळ श्रीयुत व श्रीमती ब्रिंकमायर यांना सलग पंचवीस वर्षं गावचे निष्ठावंत पाहुणे म्हणून सोन्याची पिन, मानपत्र व टोपली देऊन सन्मानित करू इच्छितं. दहा वर्षांना पितळेची पिन आणि भांडी पुसायचा टॉवेल मिळाला होता. वीस वर्षांना चांदीची पिन, आणि देवदाराचा भुसा भरलेली उशी, जिने डेटलेफला आठवडाभर शिंका आणल्या. आता सोनं. "पाव कुठाय?" रोझविथाने विचारलं. "संपले होते," तो म्हणाला. एका सकाळीत दुसरं खोटं.

खरं म्हणजे ओबरनूसला जायचं असं कुणी कधी ठरवलंच नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी ते गार्डाच्या तळ्याकडे निघाले होते आणि ओबरनूसच्या चढावर गाडीचा क्लच गेला. जिथे गाडी थांबली तिथे प्लाटनरांचं पेन्शन, म्हणजे पाहुण्यांसाठीचं घरगुती लॉज होतं, नऊ खोल्यांचं, खाली गोठा आणि मागे सफरचंदांची बाग. सेराफिन प्लाटनरने चार दिवस गाडीखाली झोपून ती दुरुस्त केली आणि मजुरी घ्यायला नाही म्हणाला. आता अशा माणसाचं करायचं काय? पुढच्या ऑक्टोबरात दोघं आभार मानायला गेले. तेव्हा सेराफिनच्या बायकोने, नोटबुर्गाने, निघताना पेन्सिल कानावरून काढून विचारलं, "नेहमीप्रमाणेच?" दोनदा आलेल्या माणसाला 'नेहमी' हा शब्द लावणं जरा घाईचं होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून डेटलेफ म्हणाला, "नेहमीप्रमाणेच." बस्स. त्या एका शब्दावर सात नंबरच्या खोलीतले पुढचे सगळे ऑक्टोबर गेले. सेराफिन वारला तेव्हा तर प्रश्नच मिटला. विधवा बाईला नाही कोण म्हणणार. आणि रोझविथाला तिथलं सगळं किती आवडायचं. बाल्कनीत उभी राहून ती डोळे मिटून श्वास घ्यायची. खाली गोठा असताना असा श्वास घेणारी बाई त्या जागेवर जीव टाकत असणार, यात डेटलेफला शंका नव्हती. म्हणून पंचवीस वर्षं तो गादीतल्या खड्ड्यात झोपला, चर्चच्या सहाच्या घंटेला उठला, नव्या वाईनने होणारी जळजळ गिळत राहिला. आपण दोन बायकांच्या सुखासाठी हे करतो आहोत याचं त्याला एक गुप्त, ऊबदार समाधानही होतं, आणि ते त्याने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. पण आता तो सदुसष्टचा होता. अजून किती ऑक्टोबर उरले असतील? दहा? बारा? त्यातले सगळे सात नंबरातच घालवायचे? फ्रिजसमोर उभं राहून त्याने ठरवलं: यंदा निघताना नोटबुर्गा पेन्सिल काढेल तेव्हा आपण 'नाही' म्हणायचं. पिन घ्यायची, आणि नाही म्हणायचं. फक्त हे एक नव्हे तर दोन बायकांना सांगावं लागणार होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी पहाटे ते निघाले. वुर्त्सबुर्गच्या पुढे, दर वर्षी जिथे थांबतात त्याच थांब्यावर, त्याच टेबलाशी रोझविथाने उकडलेली अंडी सोलायला घेतली. तिची अंडी सोलण्याची पद्धत अशी की कवच एकसंध निघतं. इतक्या वर्षांत डेटलेफने ते तुटलेलं पाहिलं नव्हतं. "फ्राऊ हार्म्स विचारत होत्या," ती अंड्याकडे बघत म्हणाली, "पोर्तुगालला ऑक्टोबरात पोहता येतं का म्हणून." डेटलेफच्या तोंडात अर्धं अंडं होतं. ते ना आत गेलं ना बाहेर आलं. समोरच्या ट्रकचा ड्रायव्हर दात घासत होता, आणि जगात जणू दुसरं काही बघण्यासारखं नाही अशा एकाग्रतेने डेटलेफ ते बघत राहिला. "मग?" शेवटी तो म्हणाला. "मग काय, म्हटलं येतं. पाणी थोडं गार असतं." तिने दुसरं अंडं त्याच्यापुढे ठेवलं, मिठाची पुडी उघडून दिली आणि थर्मासचं झाकण घट्ट लावलं. एवढंच. म्युनिच गेलं, इन्सब्रुक गेलं, ब्रेनरचा घाट गेला, पण ती त्याबद्दल पुढे एक अक्षर बोलली नाही, आणि डेटलेफला समजेना की आपल्याला माफ केलं आहे की आरोपपत्र अजून टाईप होतंय. रागावली असती तर बरं झालं असतं. उलट ती खिडकीतून बाहेर बघत काहीतरी गुणगुणत होती.

ओबरनूसला नोटबुर्गा दारात उभी होती, निळा एप्रन, हात पुसलेले. "आलात, हेर ब्रिंकमायर. सात नंबर." दर वर्षी ती हे अशा सुरात सांगायची, जणू खोली बदलण्याचा धोका नुकताच टळला आहे. पुढचे दिवस आपल्या रुळांवरून गेले: न्याहारीला खिडकीजवळचं टेबल, ज्यावर त्यांच्या नावाची लाकडी पाटी होती, दुपारी बार्लीचं सूप, बागेतून सफरचंदांच्या पेट्या नेणारे ट्रॅक्टर. तिसऱ्या दिवशी वरच्या शेतघरापर्यंत चढून जायचं, तिथे नवी वाईन आणि भाजलेले चेस्टनट खायचे, ही तर पानगळीतली अख्ख्या प्रांताची रीत. त्या चढावर, दर वर्षीच्याच वळणावर, डेटलेफचं सुरू झालं. "हा रस्ता दर वर्षी उभा होत चाललाय. कोण मान्य करणार? आणि ती घंटा. सहाला सहा ठोके समजू शकतो, पण त्यानंतर ती पाच मिनिटं जे करते ते काय आहे? गावात आता उठायला उरलंय कोण? आणि त्या पावाच्या गोळ्यांत बाईने यंदा पुन्हा कांदा जास्त घातलाय. सांगणार कसं? मी सांगितलं तर तिला वाटेल पंचवीस वर्षं आवडत नव्हतं." "हं," रोझविथा म्हणाली. "चेस्टनट म्हणजे तर, हे बघ, चेस्टनट म्हणजे बटाट्याला गोड व्हायचं होतं आणि जमलं नाही. त्यात ते बोटं भाजतात. माझे वडील म्हणायचे, ज्या खाण्याला मोजे घालावे लागतात ते खाऊ नये." "हे तू कधी सांगितलं नाहीस," रोझविथा म्हणाली. "वडील? सांगितलं असेल. युद्धानंतर ते कोळशाच्या वाघिणीत झोपायचे, तर एकदा..." असं तो बोलत गेला, धापा टाकत, थांबत, काठीने दगड दाखवत, कोळशाच्या वाघिणीवरून शाळेतल्या मास्तरावर, मास्तरावरून स्वतःच्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून मरण नक्की कुठल्या बाजूने येतं यावर, आणि रोझविथा त्याच्या मागे दोन पावलं चालत "हं" आणि "मग?" एवढंच म्हणत होती. वर पोचल्यावर त्याने तीसेक चेस्टनट खाल्ले. उतरताना त्याचं पोट इतकं फुगलं होतं की पट्टा सैल करावा लागला, आणि त्याबद्दलही त्याच्याकडे बोलायला पुष्कळ होतं.

शुक्रवारी सकाळी जेवणघरात सत्कार झाला. चार माणसांचा बँड आला, त्यातला तुतारीवाला सफरचंदांच्या हंगामामुळे अडकला होता म्हणून तिघंच वाजवत होते आणि चौथ्याची जागा मोकळी सोडत होते. पर्यटन मंडळाचे अध्यक्ष हेर गाम्पर यांनी डेटलेफच्या कोटाला सोन्याची पिन लावली. ती कोटातून, शर्टातून, बनियनमधून थेट आत गेली, पण त्या क्षणी 'आई गं' म्हणणं बरं दिसलं नसतं. "निष्ठा," हेर गाम्पर म्हणाले, "निष्ठा म्हणजे काय, तर हेर ब्रिंकमायर." टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, "दोन शब्द बोला की." डेटलेफ उभा राहिला. छातीवर पिन टोचत होती, खोलीत मेणाचा आणि तळलेल्या कांद्याचा वास होता, आणि समोर पहिल्या रांगेत नोटबुर्गा मांडीवर हात ठेवून बसली होती. त्याला वाटलं, आत्ताच. आत्ताच खरं सांगून मोकळं व्हावं, सगळ्यांदेखत, म्हणजे पेन्सिलीची वेळच येणार नाही. "खरं सांगायचं तर," तो म्हणाला, "मला चेस्टनट आवडत नाहीत." कुणीतरी हसलं. "नव्या वाईनने माझ्या छातीत जळजळ होते. सात नंबरच्या गादीत एक खड्डा आहे. पहिल्या वर्षी तो नव्हता, तो माझाच आहे, पण म्हणून तो कमी खोल नाही. सहाला घंटा होते तेव्हा मला त्या घंटेचा खून करावासा वाटतो. पंचवीस वर्षांपूर्वी आमचा क्लच गेला नसता तर मी या गावात पाऊल ठेवलं नसतं." तोपर्यंत खोली हसून हसून आडवी झाली होती. बँडवाल्याने ढोल वाजवला. हेर गाम्पर डोळे पुसत म्हणाले, की एवढ्या वर्षांत एवढं मनमोकळं, एवढं गोड भाषण त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि पुढच्या सत्काराला हेर ब्रिंकमायरांनाच बोलावलं पाहिजे. डेटलेफ खाली बसला. माणसाने आयुष्यात एकदा छाती उघडून दाखवावी, आणि लोकांनी त्यावर ढोल वाजवावा. टोपलीत धुरावलेलं डुकराचं मांस होतं, जॅम होता आणि चेस्टनट, दोन किलो. त्याने चोरून दोघींकडे पाहिलं. रोझविथा हसत होती. नोटबुर्गा मात्र हसत नव्हती. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती, आणि तिला लागलं असणार या विचाराने त्याला दुपारचं जेवण गेलं नाही.

निघायचा दिवस उजाडला. रोझविथा गाडीत जाऊन बसली, आणि डेटलेफ किल्ली परत द्यायला आत गेला. नोटबुर्गाने मोठं कॅलेंडर पुढे ओढलं, कानावरची पेन्सिल काढली आणि मान वर न करता विचारलं, "नेहमीप्रमाणेच?" डेटलेफने नजर वर केली. मागच्या भिंतीवर सेराफिनचा फोटो होता, आणि फोटोतसुद्धा तो नुकताच गाडीखालून निघाल्यासारखा दिसत होता. "नाही," डेटलेफ म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "यंदा, म्हणजे पुढच्या वर्षी, नाही. तुमची काही चूक नाही. कांद्यामुळे तर अजिबात नाही." नोटबुर्गाने पेन्सिल खाली ठेवली. मग ती स्टुलावर बसली आणि तिने एप्रन तोंडाला लावला. डेटलेफला वाटलं, रडतेय. त्याने हात पुढे केला, मागे घेतला. "देवा रे," ती एप्रनमधून म्हणाली, "सुटले."

"काय?" डेटलेफ म्हणाला.

"चार वर्षं झाली हो, मला हे बंद करायचंय. माझे गुडघे बघा. पोरगा म्हणतो सगळं मोडून सफरचंदांचं गोदाम करू. बाकीचे पाहुणे कधीच सोडलेत मी, या आठवड्यात जे दिसले ते शेजारच्या हॉटेलातून बोलावलेले, जेवणघर भरलेलं दिसावं म्हणून. एक तुम्ही उरलात. तुम्हाला कसं सांगणार? हेर ब्रिंकमायर एवढ्या लांबून येतात, नेमाने. चाळीस वर्षांत मला एकदा पानगळीत सुट्टी मिळाली नाही. माझी बहीण आहे खाली खोऱ्यात, तिच्याकडे नुसतं बसायचं होतं मला. एक ऑक्टोबर तरी कुणाची चादर न बदलता." तिने नाक पुसलं. "काल तुम्ही बोललात तेव्हा सगळे हसले. मी मनात म्हटलं, नोटबुर्गा, हा माणूस खरं बोलतोय. रात्रभर मेणबत्ती लावून ठेवली, की आज नाही म्हणू दे. रागावू नका. रोझविथाला विचारा, तिला माहितीये सगळं." फ्राऊ ब्रिंकमायर नाही म्हणाली ती. रोझविथा. डेटलेफने किल्ली काउंटरवर ठेवली. नोटबुर्गाने त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन इतक्या प्रेमाने दाबला, जितक्या प्रेमाने पंचवीस वर्षांत एकदाही दाबला नव्हता, आणि ते प्रेम तो जातोय याबद्दलचं होतं.

तो गाडीत बसला. गाडी गावाचा उतार उतरू लागली. त्याला हवं होतं ते मिळालं होतं, पूर्ण मिळालं होतं, विरोधाशिवाय, आणि तरी कुणीतरी दार उघडून बाहेर काढल्यासारखं वाटत होतं. चार वर्षं. चार वर्षं तो ज्या बाईवर उपकार म्हणून खड्ड्यात झोपत होता, ती बाई तो जावा म्हणून मेणबत्त्या लावत होती. "तुला माहीत होतं," शेवटी तो म्हणाला.

"चार वर्षांपूर्वीच तिने सांगितलं मला," रोझविथा म्हणाली. "मीच हातापाया पडले तिच्या. म्हटलं, पंचविसावं होऊ दे. चादरी मी बदलत होते आपल्या, तू फिरायला गेलास की. भांडीही घासली."

"पण मला ते गाव आवडत नाही, रोझविथा."

"ते काय मला माहीत नाही? पहिल्या वर्षापासून."

"तुला आवडतं म्हणून मी..."

"मला?" ती म्हणाली. "गोठ्यावर झोपायला? दर वर्षी बाल्कनीत उभी राहून नाक मिटून श्वास कसा घ्यायचा ते शिकत होते मी." मग ती खिडकीकडे वळली. बाहेर बागांमधून शिड्या उभ्या होत्या आणि माणसं झाडांत अर्धी दिसेनाशी झालेली. "तू तिथं बोलतोस, डेटलेफ," ती म्हणाली. "हॅनोव्हरला तू ऑक्टोबर ते ऑक्टोबर 'पाव संपले' एवढंच बोलतोस. इथं तिसऱ्या दिवशी त्या चढावर तुझं काहीतरी बिनसतं आणि तू बोलायला लागतोस. घंटेबद्दल, कांद्याबद्दल, मग तुझ्या वडिलांबद्दल. आपलं बाळ गेलं त्याबद्दल तू पहिल्यांदा बोललास ते त्याच वळणावर, नवव्या वर्षी. तोपर्यंत मला वाटायचं तुला आठवतच नाही. मी त्याच्यासाठी येत होते. दुसरं काही नाही."

डेटलेफ दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला. नवव्या वर्षीचं त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याला आठवत होती ती बुटात गेलेली खडी. आपण इतकी वर्षं धुसफुसत होतो, आणि मागून दोन पावलांवर एक बाई ते सगळं ओंजळीत धरून चालत होती, हे त्याला आता कळत होतं. आणि ते त्याने नुकतंच, स्वतःच्या तोंडाने, एका शब्दात संपवलं होतं. घराकडे नेणारा सपाट रस्ता समोर होता. सपाट रस्त्यावर तो कधी बोललेला नव्हता. तिने सीट मागे केली आणि डोळे मिटले. एक बोगदा गेला, दुसरा गेला. तो शब्द शोधत होता आणि 'हवा बरी आहे' याच्यापुढे त्याची धाव जात नव्हती.

ब्रेनरच्या अलीकडे टोलनाक्यावर गाड्यांच्या सहा रांगा होत्या. त्याने एक निवडली आणि ती लगेच थांबली. "हे बघ," डेटलेफ म्हणाला. आवाज नाटकातल्यासारखा आला, त्याची त्यालाच लाज वाटली, तरी त्याने रेटलं. "मी ज्या रांगेत जाईन ती थांबते. पुढचा तो कॅराव्हॅनवाला डच. घर घेऊन फिरतात, आणि टोलचं तिकीट घरात हरवतात." रोझविथाने डोळे उघडले नाहीत. "हं," ती म्हणाली. "आणि ही पिन. सोन्याची म्हणे. काल छातीत घुसली, रक्त आलं, बनियन बघ माझा. आणि वरून ढोल. मी खरं बोलत होतो गं, आणि त्यांनी ढोल वाजवला." "मग?" "मग काय, मग मला वाईट वाटलं," डेटलेफ म्हणाला, आणि हे वाक्य नाटकातलं नव्हतं. "तिने माझा हात धरला तेव्हा तर फारच. मला वाटायचं त्या बाईला माझी वाट बघायला आवडतं. माणसाची कुणीतरी वाट बघतंय असं वाटलं की तो काय वाटेल ते खातो. चेस्टनटसुद्धा. ते बाळ गेलं ना, तेव्हा मी तळघरांतून मीटरं बघत होतो, तर एका घरी..." रोझविथा सीट सरळ करून बसली होती आणि त्याच्याकडे वळली होती. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, मग तिच्या मागच्या गाडीने. डच माणूस केव्हाच निघून गेला होता, समोर टोलनाक्यापर्यंतचा अख्खा रस्ता मोकळा पडला होता, आणि डेटलेफ ब्रिंकमायर बोलत होता.